ऑइलचा दिवा लागला की आधी गेज लावावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत पंधरा-वीस वर्षे वयाच्या जीप, ट्रॅक्स, सुमो, ४०७ आणि व्हॅन आजही रोजच्या कामात आहेत. त्या मोडीत काढणे मालकांना परवडत नाही आणि बहुतेक वेळा तशी गरजही नसते, कारण ही इंजिने साध्या बांधणीची आहेत, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ग्राइंड करून, लायनर बदलून ती पुन्हा उभी करणारी वर्कशॉप्स आपल्याकडे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीपासून निपाणीपर्यंत आहेत. मात्र या गाड्यांच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला की त्याचे जे निदान केले जाते, त्याविषयी माझी तक्रार आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मी क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर काढली असल्यामुळे अशा निदानांचा शेवट कुठे होतो, हे मला रोज पाहावे लागत असे.

दिवा लागला की साधारणपणे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक मेस्त्री ‘स्विच गेला असेल’ असे म्हणून दिव्याला जोडलेला इंजिनवरचा स्विच नवा बसवतो. दुसरा ‘बेअरिंग संपले’ असे सांगून इंजिन खाली उतरवायला सांगतो. पहिल्याचे बिल काहीशे रुपयांचे होते, दुसऱ्याचे काही दहा हजारांचे. त्यांतला कोणीही बरोबर असू शकेल, परंतु दोघांनीही इंजिनातल्या ऑइलचे प्रेशर मोजलेले नसते. दिवा ज्या गोष्टीची सूचना देतो, ती गोष्ट मोजण्याचे साधन, म्हणजे स्विचच्या जागी आट्यांवर बसणारे साधे डायलचे गेज, दोन-तीन हजार रुपयांत मिळते आणि ते लावायला अर्धा तास पुरतो. ते लावून आकडा पाहिल्याशिवाय स्विचही बदलू नये आणि इंजिनही खोलू नये, एवढेच मला या पत्रातून म्हणायचे आहे.

हा दिवा नेमके काय सांगतो, ते आधी पाहू. जुन्या गाड्यांत तो एका वायरने इंजिनवरच्या स्विचला जोडलेला असतो. इंजिन बंद असताना किल्ली फिरवली की स्विचच्या आतले टोक इंजिनच्या धातूला जोडले गेलेले असते, त्यामुळे दिवा लागतो. इंजिन चालू होऊन प्रेशर तयार झाले की आतला पडदा ते टोक उचलतो आणि दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत हे टोक सुमारे ०.३ ते ०.५ किलो (दर चौरस सेंटीमीटर) प्रेशरला, म्हणजे पौंडांत (दर चौरस इंच) सांगायचे तर ४ ते ७ पौंडांना उचलले जाते. माल भरून चढ चढणाऱ्या इंजिनाला मात्र ३ किलोच्या आसपास प्रेशर लागते. याचा अर्थ असा की प्रेशर तीनवरून एकवर उतरले तरी दिवा विझलेलाच राहतो, आणि इंजिन वेगात असताना तो लागला तर प्रेशर जवळजवळ शून्याला टेकलेले असते. ‘दिवा लागला आहे, पण आवाज काही नाही, घरापर्यंत जाऊ’ असे म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते की आवाज येऊ लागेल तेव्हा बेअरिंगवरचा मऊ धातूचा थर निघून गेलेला असेल. आमच्या टेबलावर येणाऱ्या बेअरिंगांवर ते स्पष्ट दिसते: वरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस थर उघडा पडलेला असतो, आणि त्याहून वाईट अवस्थेत बेअरिंग आपल्या जागेवर फिरून कनेक्टिंग रॉडलाच खाऊन टाकते.

याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट पाहणे आवश्यक ठरते. किल्ली फिरवल्यावर, स्टार्टर मारण्यापूर्वी हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर बल्ब उडालेला आहे, वायर तुटलेली आहे किंवा कोणीतरी ती मुद्दाम काढलेली आहे. वायर काढली की दिवा कायमचा विझतो, ही युक्ती जुन्या गाड्यांच्या बाजारात अनोळखी नाही. गाडी विकत घेताना लोक टायर दाबून पाहतात, सीटचे कव्हर पाहतात, रंग पाहतात; किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर ऑइलचा दिवा लागतो की नाही, हे पाहायला पैसेही लागत नाहीत आणि वेळही लागत नाही.

गाडी चालू असताना दिवा लागला तर ती रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. चोर्ला किंवा आंबोली घाटात उतारावर असताना मात्र किल्ली बंद करून गाडी सोडून देऊ नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारा जोर थोड्याच वेळात संपतो आणि किल्ली काढली गेली तर स्टिअरिंगही अडकू शकते. आधी थांबावे, मग बंद करावे. त्यानंतर सपाट जागी पाच-दहा मिनिटे ऑइल इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये उतरू द्यावे आणि डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर कारणाचा निम्मा शोध तिथेच लागला. जांबोटी-कणकुंबीच्या वळणांवर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकतो आणि सपाट रस्त्यावर विझतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीत बहुधा हेच निघते: ऑइल कमी झालेले असते, वळणावर ते चेंबरच्या एका कडेला जाते आणि ऑइल पंपाची जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. ऑइल घातल्याने लुकलुकणे थांबेल, पण ते गेले कुठे हा प्रश्न उरतोच. ते गळत आहे की पिस्टनच्या रिंगांतून जळत आहे, हे पाहिले नाही तर महिन्याभराने तोच दिवा त्याच वळणावर पुन्हा लागेल.

पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली तर अनेकांना आनंद होतो की आपली गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात तो काळजीचा विषय आहे. जुन्या डिझेल इंजिनांत गळका इंजेक्टर किंवा डिझेल पंपाचे झिजलेले भाग यांतून डिझेल चेंबरमध्ये उतरते, आणि जुन्या पेट्रोल गाड्यांत इंजिनवर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल उतरते. ऑइल पातळ होते, पातळी वाढते, प्रेशर घसरते. ऑइल बोटांत चोळून पाहिले आणि वास घेतला तर हे सहज कळते. पट्टीला दुधाळ फेस असेल तर आत पाणी शिरले आहे आणि गॅस्केट किंवा हेड पाहायला हवे. या दोन्ही परिस्थितींत ऑइल बदलून उपयोग नाही, आधी कारण बंद केले पाहिजे.

पातळी ठीक आहे, ऑइल निर्दोष दिसते, तरी दिवा लागतो, अशा वेळी गेजची पाळी येते. त्याआधी एक मिनिटाची तपासणी करून घ्यावी. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत स्विचवरची वायर काढावी. दिवा विझला तर वायर ठीक आहे. विझला नाही तर वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला टेकली आहे आणि सगळा घोळ विजेचा आहे. जुन्या जीपमध्ये एक्झॉस्टजवळून गेलेल्या वायरी भाजून असे होणे अगदी नेहमीचे आहे. त्यानंतर स्विच काढून त्या जागी गेज बसवावे आणि तीन आकडे लिहून घ्यावेत: थंड इंजिन सुरू केल्यावर लगेचचा, इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगचा, आणि तापलेल्या इंजिनाला मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर धरल्यावरचा. ‘पूर्ण तापल्यावर’ याचा अर्थ गॅरेजच्या दारात पाच मिनिटे चालवून नव्हे, तर गाडी काही किलोमीटर फिरवून आणल्यावर, कारण पाणी लवकर तापते आणि ऑइल त्याच्या मागून.

नेमका आकडा प्रत्येक इंजिनाच्या कंपनी पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. पुस्तिका हाताशी नसेल तर १,००० फेऱ्यांना १० पौंड हा जुना अंदाज उपयोगी पडतो: २,००० फेऱ्यांवर २० पौंडांपेक्षा कमी दाखवत असेल तर कुठेतरी निश्चित दोष आहे. आयडलिंगला तापलेल्या अवस्थेत पाऊण ते एक किलो दाखवणारे जुने डिझेल इंजिन, वेग दिल्यावर तीनच्या वर जात असेल, तर अजून बरीच वर्षे काम देऊ शकते. तिन्ही आकडे चांगले आले आणि तरीही दिवा लागत होता, तर स्विचच दोषी. तो बदलावा आणि निर्धास्त व्हावे.

आकडे चांगले नसतील तर ते कोणत्या प्रकारे वाईट आहेत, यावरून पुढची दिशा कळते, आणि गेजचा खरा उपयोग हाच आहे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंप प्रेशर तयार करतो असे आपण बोलताना म्हणतो, पण पंप फक्त ऑइल पुढे ढकलतो. प्रेशर तयार होते ते बेअरिंगांच्या बारीक फटींनी त्या ऑइलला अडवल्यामुळे. शेतातल्या पाइपलाइनला मध्येच दोन-चार ठिकाणी भोके पडली तर मोटार कितीही चांगली असली तरी शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार आहे. साधारण ६० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवलेली असते. या फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर त्याच प्रेशरला गळती जवळजवळ आठपट होते. त्यामुळे झीज हळूहळू होत असली तरी प्रेशर शेवटच्या काळात एकदम कोसळल्यासारखे वाटते, आणि मालक म्हणतो की गेल्या महिन्यापर्यंत गाडी अगदी ठीक होती. त्याचे म्हणणे खोटे नसते.

बेअरिंग झिजले असेल तर थंड इंजिनावर आकडा चांगला येतो, कारण थंड ऑइल घट्ट असते. तापल्यावर आयडलिंगचा आकडा खाली जातो आणि वेग दिल्यावर तो थोडाफार वर येतो, पण पूर्वीइतका नाही. याउलट थंड असतानाही आणि वेग दिल्यावरही आकडा खालीच राहत असेल, तर आधी पंपाची बाजू पाहावी: पंपाचे गिअर व झाकण यांतली झीज आणि रिलीफ व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह जादा प्रेशर परत चेंबरमध्ये सोडण्यासाठी असतो. त्याच्या बैठकीत धातूचा एक बारीकसा कण अडकला तरी तो अर्धवट उघडा राहतो आणि सगळे ऑइल मागच्या दाराने निघून जाते. सुरू करताना आकडा चांगला, आणि हायवेवर सतत वेगात चालवल्यानंतर तो घसरतो, पण पाच मिनिटे थांबल्यावर पुन्हा पूर्ववत होतो, अशी गाडी असेल तर चेंबर काढून जाळी पाहावी. तिच्यावर काळ्या गाळाची साय धरलेली असते आणि पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही. चेंबर काढणे हे इंजिन खाली उतरवण्यापेक्षा पुष्कळ हलके काम आहे. ऑइल फिल्टर तुंबल्यामुळे प्रेशर जाते असे अनेकांना वाटते, पण बहुतेक इंजिनांत फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडून न गाळलेले ऑइल पुढे जाते. दिवा लागत नाही, बेअरिंगला मात्र घाण मिळते. सकाळी सुरू केल्यावर दिवा काही सेकंद विझत नसेल, तर फिल्टरमधला ऑइल परत खाली उतरू न देणारा व्हॉल्व्ह नसणे किंवा खराब असणे शक्य आहे, आणि स्वस्त फिल्टर घेतला की हे बरेचदा होते.

एका शेतकऱ्याच्या जीपचा क्रँक आमच्याकडे अशाच निदानानंतर आला होता. गॅरेजने बेअरिंग गेल्याचे सांगून इंजिन खोलले होते. आम्ही जर्नल मायक्रोमीटरने मोजले तेव्हा ते कंपनीच्या मर्यादेत निघाले, बेअरिंगेही नीट होती. शेवटी पंप मागवून पाहिला तेव्हा रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेला पत्र्याचा तुकडा सापडला. चेंबर उतरवून पाहिले असते तर जे काम एका दिवसात झाले असते, त्यासाठी माणसाने ऐन गळीत हंगामात गाडी उभी ठेवली. याच्या नेमकी उलट घटनाही मी पाहिली आहे: दिवा लागतो म्हणून एका भाड्याच्या गाडीचा स्विच बदलण्यात आला, नवा स्विच आणखी कमी प्रेशरला उचलणारा निघाला, दिवा विझला, आणि गोव्याहून परत येताना घाटात तिचे इंजिन जाम झाले. तो क्रँक ग्राइंड करण्याच्या पलीकडे गेला होता.

आपल्या भागात प्रेशर कमी होण्यामागे पाणी आणि धूळ यांचाही मोठा हात आहे. अथणी, रायबागच्या बाजूला बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घातले जाते, आत क्षार साचतात, इंजिन सतत जास्त तापते आणि तापलेले ऑइल पातळ होऊन प्रेशर घसरते. असे इंजिन गेजवर झिजलेल्या बेअरिंगसारखेच दिसते. रेडिएटर साफ करून घेतल्यावर आकडा सुधारलेला मी पाहिला आहे. ऊस वाहतुकीच्या काळात शेतातल्या रस्त्यांवरची धूळ एअर क्लीनरमधून आत जाते आणि बेअरिंगे झिजवते. जुन्या जीपमधल्या ऑइलच्या वाटीचा क्लीनर महिनोन् महिने कोणी उघडत नाही.

प्रेशर वाढवण्यासाठी जाड ऑइल घालण्याच्या उपायाबद्दल मला थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातले की तापलेल्या इंजिनाचा आकडा थोडा वर जातो, आणि फार झिजलेल्या इंजिनाला काही महिने काढण्यासाठी हे जाणूनबुजून केले तर त्यात वावगे काही नाही. परंतु काही ठिकाणी गिअरचे ऑइल किंवा बाटलीतले घट्ट द्रव्य मिसळतात, किंवा रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून आकडा फुगवतात. वॉशर घातल्याने बेअरिंगची फट कमी होत नाही. फक्त थंड इंजिनावर प्रेशर अवास्तव वाढते आणि फिल्टरचे सील किंवा पंपाची कळ मोडण्याची भीती निर्माण होते. गाडी विकायला काढण्यापूर्वी हे उपाय करणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणणार नाही.

आणि शेवटी इंजिन खोलण्याची वेळ आलीच, तर ग्राइंडिंगच्या कामाबद्दल माझ्या व्यवसायातील लोकांनाही काही सांगायचे आहे. क्रँक पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने कमी करून त्या मापाचे बेअरिंग बसवणे एवढ्याने काम संपत नाही. क्रँकच्या आतून जाणाऱ्या ऑइलच्या भोकांत ग्राइंडिंगची भुकटी बसते. त्यांची टोपणे काढून, ब्रश घालून, डिझेलने आणि हवेने ती साफ केली नाहीत तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी ओरखडते. बसवताना प्लास्टिगेजची, म्हणजे मऊ प्लास्टिकची, तार दाबून फट मोजावी, नुसते ‘हाताला बरोबर वाटते’ यावर विसंबू नये. सुरू करण्यापूर्वी पंप ऑइलने भरून घ्यावा, आणि पहिले आकडे गेजवरच घ्यावेत. हे सगळे करायला लागणारा वेळ आपल्याकडे गिऱ्हाईक द्यायला तयार नसते, हेही मला मान्य आहे. संध्याकाळी गाडी हवी असे म्हणणारा माणूसही या दोषात सहभागी आहे.

माझी विनंती गॅरेजचालकांच्या संघटनांना, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना आणि गाडीमालकांना आहे. प्रत्येक गॅरेजमध्ये ऑइल प्रेशरचे गेज असावे, आणि इंजिनकामाच्या बिलावर काम करण्यापूर्वीचे व नंतरचे तीन आकडे लिहिलेले असावेत. मालकांनी ते मागावेत. स्विचच्या जागेचे आटे सगळ्या गाड्यांत एकसारखे नसतात, काहींत अष्टमांश इंची पाइपचे आटे तर काहींत १० मिलिमीटरचे बारीक आटे असतात, म्हणून एकच गेज सगळीकडे बसत नाही अशी सबब सांगितली जाते. त्यासाठी लागणारी पितळेची जोडणी उद्यमबागेतला कोणताही टर्नर नमुन्याचा जुना स्विच पाहून लेथवर करून देतो.

आपला,
एक निवृत्त ग्राइंडर,
खानापूर तालुका, जि. बेळगाव